चावी फिरवली की नुसतं टक, गाडी सेल्फच घेत नाही: बॅटरी बदलायच्या आधी काय काय बघायचं

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. इंजिन फिरतंय, घुर्र घुर्र आवाज येतोय पण गाडी पकडत नाही, तर ते दुखणं वेगळं, तिथे पेट्रोल, स्पार्क, इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर गाडी चालू न होऊ देणारं चोरी-कुलूप) असला शोध घ्यावा लागतो. इथे त्या गाडीबद्दल बोलतोय जिची चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे नीट लागतात, बॉनेटखालून टक किंवा कटकटकट वाजतं आणि बस्स, इंजिन जागचं हलत नाही. त्यातून वैताग असा की हे रोज होत नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला, म्हणजे त्याच्या बॅटरीला केबल जोडून सेल्फ मारला, की चालू होते, आठवडाभर काही तक्रार नाही, आणि परत एखाद्या सकाळी नेमकं घाईच्या वेळेला तेच. मग कोणीतरी सांगतं बॅटरी गेली, नवी बॅटरी येते, महिनाभर शांतता, पुन्हा टक.

बॅटरीवर पहिला संशय घ्यायला माझी हरकत नाही, मी पण तिथूनच सुरू करतो, पण नुसत्या संशयावर चार-पाच हजार घालवायचे आणि मूळ दुखणं तसंच ठेवायचं याला काही अर्थ नाही. ती टक वाजते ना, तीच बरंच काही सांगत असते, फक्त नीट ऐकायला पाहिजे.

सेल्फ मोटर म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर. तिच्या अंगावर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर खेचणारा चुंबकी स्विच, बसवलेला असतो. चावी फिरवली की त्याच्या कॉइलमध्ये करंट जातो, आतला लोखंडी प्लंजर खेचला जातो, तो एका बाजूने बेंडिक्सचा दातेरी पिनियन (छोटं चाक) ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, रिंगमध्ये अडकवतो आणि दुसऱ्या बाजूने तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडतो. ते जुळले की बॅटरीचा पूर्ण करंट मोटरला मिळतो, छोट्या पेट्रोल गाडीत शंभर ते दोनशे अँपिअर, डिझेलला त्याहून जास्त. टक वाजते ती या प्लंजरची. म्हणजे टक ऐकू आली की चावीचा स्विच, रिले (थोड्या करंटवर चालणारा मधला स्विच), सोलेनॉइडपर्यंत येणारी बारीक वायर, क्लचचा किंवा ऑटोमॅटिक गाडीत पार्क-न्यूट्रलचा स्विच, हे सगळं ठीक आहे, तिथे हात घालायची गरज नाही. राहिलं काय, तर जाड करंटचा रस्ता: बॅटरी, टर्मिनल, दोन जाड केबल, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट आणि मोटर.

एक खबरदारी, रिलेची पण टिक वाजते. ती बारीक असते, फ्यूज बॉक्समधून येते. सोलेनॉइडची टक जड असते, इंजिनच्या खालच्या बाजूने, गिअरबॉक्सपाशी. एकाला चावी फिरवायला बसवा, दुसऱ्याने बॉनेट उघडून कान द्यायचा. नुसती रिलेची टिक येत असेल आणि खालून काहीच नाही, तर सोलेनॉइडची ती बारीक वायर बघा, सॉकेट निघालंय का, आणि पावसाळा असेल तर उंदरांनी कुरतडलीय का. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांना हा त्रास भरपूर आहे.

आता आवाजाचा प्रकार. कटकटकटकट असा भराभर आवाज म्हणजे व्होल्टेज पडतंय. प्लंजर खेचला गेला, कॉन्टॅक्ट जुळले, मोटरने करंट मागितला, व्होल्टेज कोसळलं, कॉइलला प्लंजर धरून ठेवायला जोर उरला नाही म्हणून तो सुटला, सुटला की व्होल्टेज परत वर, परत खेचला, हेच चक्र सेकंदाला कितीतरी वेळा. बॅटरी उतरलेली असते, नाहीतर रस्त्यात कुठेतरी जोड खराब असतो. आणि एकच मोठी टक, पुढे शांतता, तर प्लंजर जागेवर गेलाय आणि धरूनही बसलाय पण मोटर फिरत नाही.

यापुढची परीक्षा फुकटची आहे. गाडीच्या आतला छताचा दिवा लावा, हेडलाइट नको कारण बऱ्याच गाड्यांमध्ये सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात आणि मग उगाच गोंधळ होतो. दिवा चालू ठेवून सेल्फ मारा आणि दिव्याकडे बघा. दिवा मिणमिणला आणि कटकट वाजलं तर बॅटरीत दम नाही. दिवा एकदम पूर्ण गेला, कधीकधी डॅशबोर्डपण काळा पडला, तर टर्मिनलचा जोड सुटतोय, बॅटरीला दोष द्यायच्या आधी टर्मिनल बघा. एक टक आणि दिवा तसाच लख्ख, तर करंट मोटरपर्यंत जातच नाहीये, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे छोटे ठोकळे) झिजलेत. आणि एक जड टक होऊन दिवा चांगलाच मंद झाला, तसाच मंद राहिला, तर मोटर करंट ओढतीय पण फिरू शकत नाही, सेल्फ जाम आहे नाहीतर इंजिन जाम आहे.

या शेवटच्या प्रकारात, गाडी पाण्यातून आली असेल किंवा पाण्यात उभी राहिली असेल तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. चिपळूणला २०२१ च्या जुलैत, त्याआधी २०१९ ला सांगली-कोल्हापूरला पुराच्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय, आणि मुंबईत तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे असतंच. एअर फिल्टरमधून पाणी सिलेंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, पाणी नाही. जबरदस्ती केली की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खर्च वेगळ्याच आकड्यात जातो. शिवाय इन्शुरन्सच्या साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन लागतो, आणि पाण्यानंतर तुम्ही सेल्फ मारत बसलात असं दिसलं तर तिथेही वाद होतो. गाडी टो करून न्या.

पाण्याचा विषय नसेल तर मल्टिमीटर आणा. दोन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि इथे तेवढा पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी, काही चालू न करता, १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका, म्हाताऱ्या बॅटरीचं असंच असतं, आरामात १२.५ दाखवते आणि भार पडला की मान टाकते. म्हणून मीटरच्या पिना बॅटरीवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ मारताना साडेनऊच्या वर राहिलं पाहिजे. आठ-सातवर कोसळत असेल आणि बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, दुकानात लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करून घ्या, बहुतेक दुकानदार तिथल्या तिथे करून देतात, वॉरंटी कार्ड सोबत ठेवा. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते, थंडीने बॅटरी जाते असं आपण म्हणतो खरं पण तिला मारलेलं असतं मे महिन्याने, डिसेंबरच्या सकाळी फक्त ते उघडकीला येतं. आणि काही बॅटऱ्यांच्या वर चार्ज दाखवणारा हिरवा डोळा असतो, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो, बाकी पाच सेल त्याच्या हिशेबात नाहीत.

आता गंमत इथून पुढे आहे. सेल्फ मारताना बॅटरीवर बारा-सव्वाबारा दिसतंय, म्हणजे बॅटरी हललीच नाही, आणि तरी टक. याचा अर्थ टाकी भरलेली आहे पण नळ बुजलाय. करंट जायला वाटच नाही.

आधी टर्मिनल. हाताने पिळून बघा, बोटांच्या जोराने फिरलं तर ढिलं आहे. पांढरी-हिरवी बुरशी दिसते ती धुवायला खायचा सोडा आणि कोमट पाणी पुरतं, सेलची झाकणं घट्ट आहेत याची खात्री करून, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पॉझिटिव्हवरचा पाना आणि बॉडी यांच्यामध्ये कडं आलं तर ते लालबुंद व्हायला वेळ लागत नाही. टर्मिनल आणि बॅटरीचा खांब दोन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या टर्मिनलच्या आतल्या गोलात काळपट थर असतो आणि तोच घात करतो. घट्ट बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेली. कोणी टर्मिनल आणि खांबाच्या फटीत खिळा ठोकून दिला असेल तर तो काढा, रस्त्यावरच्या रस्त्यावर घरी पोचायला ठीक आहे, कायमचा इलाज नाही, टर्मिनल क्लॅम्प नवा घाला.

टर्मिनल झालं की अर्थिंग, आणि माझ्या मते सारख्या सारख्या उद्भवणाऱ्या टक-टकीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं, पण सेल्फ मोटर इंजिनवर असते आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये वेगळी अर्थ केबल किंवा विणलेली तांब्याची पट्टी लागते. मोटरचा सगळा करंट परतीच्या वाटेवर तिथून जातो. ती खाली असते, तिच्यावर पाणी-चिखल उडतो, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

मेव्हण्याची गाडी रत्नागिरीला असते, छोटी पेट्रोल हॅचबॅक, समुद्रापासून जवळ आणि उघड्यावर उभी. पावसाळ्यात तिला कटकट सुरू झाली, शेजाऱ्याने जंपर केबल लावली, पहिल्या सेल्फला चालू. निष्कर्ष: बॅटरी खराब. नवी घातली. थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच, आणि आता मेव्हणा बॅटरीवाल्याशी भांडायच्या तयारीत. मीटर लावला तर बॅटरी आरामात १२.६, सेल्फ मारताना बाराच्या आसपास. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. दोन्ही निगेटिव्हच आहेत, सेल्फ मारताना इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवं. तिथे आकडा पाच-सहाच्या आसपास नाचत होता. म्हणजे बाराच्या बारा व्होल्टमधले निम्मे परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते. अर्थची केबल सोडवली तर बाहेरून काळं आवरण ठीक, पण लगच्या (केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या कड्याच्या) तोंडाशी आवरण सोलल्यावर आत हिरवा भुगा आणि मोजक्या तारा शिल्लक.

मग जंपने कशी काय चालू व्हायची? कारण शेजारी काळी केबल लावताना, सगळीकडे शिकवतात तशी, बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर लावत होता. म्हणजे त्याच्या केबलने सडलेल्या अर्थला वळसा घालून दुसरा रस्ता करून दिला होता. करंट त्याच्या बॅटरीचा होता खरा, पण आपली बॅटरी खराब होती म्हणून नव्हे, त्याच्या केबलने अर्थला वळसा मिळाला म्हणून गाडी चालू व्हायची. आणि नवी बॅटरी घातल्यावर थोडे दिवस बरं का वाटलं, तर बॅटरी काढता-घालताना केबल हलली, तारा जरा जुळल्या. जंपने चालू झाली म्हणजे बॅटरी खराब हा सरळ हिशेब म्हणूनच मला पटत नाही.

यातूनच सोपी परीक्षा निघते, मीटर नसला तरी चालते. फक्त काळी जंपर केबल घ्या, एक टोक आपल्याच बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, उचलायचा हुक असतो ना त्याला. दुसऱ्या गाडीची गरजच नाही. आता सेल्फ मारा. टकच्या जागी इंजिन फिरलं तर अर्थ पकडला गेला. नवी केबल, जाड तांब्याची, लगसकट क्रिंप केलेली (दाबून बसवलेली), कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन बनवून देतो आणि बॅटरीच्या मानाने खर्च किरकोळ. बॉडीला जिथे बोल्ट लागतो तिथला रंग आणि गंज घासून मग लावायची, नाहीतर केबल नवी आणि जोड जुनाच. जुन्या गाड्यांत अर्थ खराब असला की करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, ती केबल गरम लागते, कधी धूर येतो, असं काही दिसलं तर सेल्फ मारणं थांबवा आणि सरळ अर्थच बघा.

पॉझिटिव्ह बाजूचंही असंच, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सोलेनॉइडच्या जाड बोल्टपर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. हात घालायला जागा अवघड असते, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला पाहिजे.

दोन्ही बाजू ठीक, बॅटरी ठीक, आणि सेल्फ मारताना सोलेनॉइडच्या मोटरकडच्या बोल्टवर व्होल्टेज येत नाही, तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. येतंय पण मोटर ढिम्म, तर कार्बन झिजलेत किंवा आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) गेलं. मोटरच्या अंगावर पान्याने हलकेच टकटक केल्यावर गाडी चालू होते तो प्रकार बहुतेक कार्बनचाच, ठोक्याने अडकलेला कार्बन कम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकतो. हा उपाय घरी पोचायला आहे, रोजच्या वापराला नाही, आणि जोरात हाणू नका, काही मोटरमध्ये चिकटवलेले चुंबक असतात, तडकतात. सगळी मोटर बदलायला सांगितली तर आधी विचारा की कार्बन, बुश (फिरत्या दांड्याला आधार देणारी कडी) आणि सोलेनॉइड वेगळे मिळतात का, बऱ्याच गाड्यांना मिळतात आणि चांगला वायरमन अर्ध्या दिवसात मोटर उघडून भरून देतो.

गरम झाल्यावरच टक होते, उदाहरणार्थ घाट चढून चहाला थांबलात आणि निघताना नुसती टक, अर्ध्या तासाने मुकाट्याने चालू, ते पण मोटरचंच लक्षण. गरम तांब्याचा रोध वाढतो, त्यात झिजलेल्या बुशमुळे आर्मेचर घासत असेल तर जोर पुरत नाही. मिस्त्रीकडे थंड गाडी नेली तर त्याला काही सापडणार नाही, गरमागरम नेऊन दाखवा.

आता उलटी बाजू. बॅटरी चांगली आहे, चार्ज केली की मस्त, पण दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की उतरते. मग काहीतरी रात्री करंट पितंय. डॅशकॅमचा पार्किंग मोड, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ, डिकीचा न विझणारा दिवा, हे नेहमीचे. स्टिरिओत पिवळी वायर कायम चालू आणि लाल वायर चावीवर असते, बसवणाऱ्याने कंटाळा करून दोन्ही एकत्र पिळल्या की स्टिरिओ झोपतच नाही. मोजायचं असं: बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून मीटर मधे जोडायचा, १० अँपिअरच्या सॉकेटवर, दरवाजे बंद, बॉनेटचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बसवलेलं म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल, आणि अर्धा तास थांबायचं कारण गाडीतले कंप्युटर लगेच झोपत नाहीत. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. शेवटी ५० मिलीअँपिअरच्या आत आलं पाहिजे. १०० दिसलं तर दिवसाला २.४ अँपिअर-तास गेले, ३५ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी आठवड्यात निम्मी. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ती लाइन. कुठलाच फ्यूज काढून पडत नसेल तर अल्टरनेटरची (गाडी चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राची) जाड वायर बघा, आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) गेला की रात्री तिथून करंट उलटा जातो.

अल्टरनेटरची बाकी परीक्षा सोपी, गाडी चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५. नव्या काही गाड्या बॅटरी भरली की मुद्दाम कमी चार्ज करतात, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून मगच निकाल द्या. चालू गाडीचं टर्मिनल काढून डायनॅमो, म्हणजे हाच अल्टरनेटर, बघायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते, कोणी तुमच्या गाडीवर करायला लागलं तर सरळ हात धरा, व्होल्टेजचा झटका बसून इसीयू (इंजिनचा कंप्युटर) जाऊ शकतो. आणि सगळंच ठीक निघालं तर वापर बघा, घर ते स्टेशन दोन किलोमीटर, एसी, हेडलाइट, वायपर, पुढे ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभी, यात सेल्फने खाल्लेलं भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर नाहीतर मोकळ्या रस्त्यावर पाऊण तास चालवा किंवा घरी छोटा चार्जर घ्या.

तोपर्यंत अडकलात तर जंप देताना क्रम असा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीला, मग चांगलीला, काळी चांगलीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं टोक लावताना ठिणगी पडते. मॅन्युअल गाडी असेल तर दुसऱ्या गिअरवर धक्का स्टार्ट होते, सेल्फ गेला असेल तेव्हा तर हाच मार्ग, पण बॅटरी अगदीच रिकामी असेल तर इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पंप आणि इसीयू जागे होत नाहीत, कितीही ढकला. ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, तिथे चार माणसं दमवण्यापेक्षा टोईंगला फोन लावा.